निषेध पुरे, आता मोजमापाचं बोला

प्रति,
हवामान आणि व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना भारतातर्फे बसणारे वाणिज्य आणि पर्यावरण मंत्रालयांतले अधिकारी,
नवी दिल्ली

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

वणी तालुक्यातून लिहितो आहे. जिल्हा यवतमाळ, पण आमचा बाजार, दवाखाना, सोयरीक अर्धीअधिक चंद्रपूरकडं. वावरात कापूस आणि सोयाबीन, वावराखाली कोळसा. एका भावाची पऱ्हाटी अजून उभी आहे, दुसऱ्याचं वावर खाणीत गेलं आणि त्याचा मुलगा स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, भट्टीवर पाळीला जातो, असं घर शोधायला आमच्याकडं लांब जावं लागत नाही. तुमच्याकडं मात्र हवामानाची फाईल एका मंत्रालयात आणि व्यापाराची दुसऱ्यात. एक हवामान कराराच्या कचेरीत बॉनला जाते, दुसरी जागतिक व्यापार संघटनेत जिनिव्हाला. दोन्हींचं बिल येतं ते आमच्या एकाच पत्त्यावर, म्हणून तुम्हा दोघांना मिळून हे एक पत्र.

आमची एक छोटी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. इंग्रजी कागद आला की तो वाचून सांगायचं काम माझ्याकडं असतं. पूर्वी त्या कागदांत भाव, ओलावा, धाग्याची लांबी, गठाणीचं वजन एवढंच असायचं. आता खरेदीदार विचारतो की वावराचे अक्षांश-रेखांश काय, युरिया किती टाकला, उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर पऱ्हाटी जाळली की कुट्टी केली. हे प्रश्न वाईट नाहीत. ते कुठून येतात हे मी शोधत गेलो आणि शेवटी तुमच्यापर्यंत पोचलो.

आधी तुमची बाजू, कारण ती मला पटते. युरोपीय संघानं आयात मालावर, तो तयार होताना निघालेल्या कार्बनच्या धुरापोटी, लावलेला कर्ब-आकार, ज्याला सगळे सीबॅम म्हणतात, तो एकतर्फी आहे असं तुम्ही दर परिषदेत सांगता. बरोबरच सांगता. 1992 च्या हवामान करारातच, कलम 3 मध्ये लिहिलंय की हवामानाच्या नावाखाली केलेले उपाय, एकतर्फी उपायही त्यात आले, मनमानी भेदभाव किंवा व्यापारावरचं छुपं बंधन ठरू नयेत. इथला माणूस वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, युरोपातला त्याच्या अडीच-तीन पट आणि अमेरिकेतला सहा-सात पट. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत 2009 मध्ये श्रीमंत देश गरीब देशांना वर्षाला 100 अब्ज डॉलर देऊ म्हणाले, 2020 ची मुदत हुकवली. बाकूच्या परिषदेत 2024 ला 300 अब्जांचा आकडा काढला, तोही 2035 पर्यंतचा, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीनं त्याच सभागृहात तो आकडा नाकारला. आम्हाला बरं वाटलं.

पण बरं वाटून भागत नाही. निषेध नोंदवून तुम्ही परत येता आणि नियम ठरल्या तारखेला लागू होतो. सीबॅम 2023 च्या ऑक्टोबरपासून फक्त माहिती मागत होता, 1 जानेवारी 2026 पासून तो पैशांचा हिशेब मांडू लागला. युरोपशी मुक्त व्यापार कराराची बोलणी 2007 ला सुरू झाली, 2013 ला अडली, 2022 ला पुन्हा सुरू झाली आणि 27 जानेवारी 2026 ला पूर्ण झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं. सीबॅम मात्र आहे तिथंच आहे. ब्रिटन 2027 पासून स्वतःचा वेगळा लावतो आहे. म्हणजे एकाच भट्टीच्या एकाच धुराचे दोन अर्ज, दोन पद्धतींनी, दोन तपासनिसांकडून भरून घ्यायचे. उद्या आणखी देश येतील तेव्हा अर्जही वाढतील.

आता वाचकांसाठी थोडा हिशेब मांडतो, तुम्हाला तो पाठ असेलच. सीबॅममध्ये लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज येते. युरोप स्वतःच्या कारखान्यांना धुराचे बरेच परवाने आजवर फुकट देत आला. ते आता हळूहळू बंद होतील आणि त्याच मापानं बाहेरच्या मालावरचा आकार वाढेल. पहिल्या वर्षी अडीच टक्केच, 2034 ला पूर्ण. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, कोळशावरच्या स्पंज आयर्नच्या वाटेनं गेलं तर त्याहून जास्त. युरोपात धुराच्या टनाचा भाव 70-80 युरोंच्या घरात धरा. पूर्ण आकार लागेल त्या वर्षी पोलादाच्या टनामागे आजच्या हिशेबानं 18-20 हजार रुपये. आणि पोलादाचाच भाव टनाला 50 हजारांच्या आसपास!

आमच्याकडच्या भट्टीचा माल काही थेट जहाजात चढत नाही. तो वितळतो, त्याच्या सळया-पट्ट्या होतात, त्यातून दूर कुठंतरी कुणी नट-बोल्ट करतो आणि ते नट-बोल्टसुद्धा सीबॅमच्या यादीत आहेत. मग तो नट-बोल्टवाला विचारतो, तुमच्या लोखंडाच्या धुराचा हिशेब कुठाय? हिशेब नसेल तर युरोप ठरलेला ठोक आकडा लावतो आणि त्यावर वाढीव टक्का चढवतो. एखाद्यानं कर्ज काढून भट्टीच्या उष्णतेवर वीज करायचं यंत्र बसवलं तरी कागदाअभावी त्याला सगळ्यात धुरकट भट्टीच्या पंगतीत बसवलं जातं. सूट आहे, नाही असं नाही. वर्षाला 50 टनांपर्यंत आणणाऱ्याला माफ आहे. पण ती सूट तिकडच्या लहान आयातदाराला आहे, इकडच्या लहान भट्टीला नाही. ही मेख वाटाघाटीत कुणी काढून दाखवली का, एवढंच मला विचारायचं आहे.

मोजमाप कुणाच्या हातात आहे याला एवढं महत्त्व मी का देतो ते कापसाच्या मोजणीवरून सांगतो. बाजारात कापसाची गाडी उभी राहते. ग्रेडर येतो, ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसतो, आकडा उमटतो. सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे: 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढं 12 पर्यंत टक्क्याटक्क्यानं कपात, 12 च्या वर गाडी परत. नियमावर आमचं भांडण नाही, ओला कापूस आम्हीही विकत घेतला नसता. पण तेच यंत्र वरच्या थरात खुपसलं तर एक आकडा येतो, फाळक्याजवळ तळाशी खुपसलं तर दुसरा. सकाळी दव असताना वेगळा आणि दुपारी उन्हात गाडी तापल्यावर वेगळा. लांब धाग्याचा हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 8110 रुपये जाहीर झाला होता. त्यातले हातात किती पडले हे यंत्र कुणी, कधी आणि कुठं खुपसलं यावर ठरलं. भाव दिल्लीत ठरतो आणि कपात यंत्राच्या टोकाशी. सीबॅमचंही असंच आहे. तुम्ही भावावर भांडताय आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात राहू देताय.

दुसरा मुद्दा कोळशाचा. याबद्दल मला तुमचा राग येतो, आणि तो लपवत नाही. आपण कोळशावर 2010 साली टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. 2016 पर्यंत तो 400 झाला. जगातल्या फार थोड्या देशांनी तेव्हा असं काही केलं होतं. 2017 ला जीएसटी आला आणि ते 400 रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईच्या खात्यात वळले. 22 सप्टेंबर 2025 ला तो उपकरही संपला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 वर गेला. पैसा आजही निघतोच आहे, आमच्या शेजारच्या खाणीतून भरून जाणाऱ्या ट्रकागणिक निघतो आहे, फक्त त्याला धुराची किंमत असं कुणी म्हणत नाही. आता सीबॅमचा नियम काय सांगतो ते पाहा. मूळ देशात धुरापोटी कर, आकार किंवा परवान्याच्या रूपानं जे भरलं असेल ते वजा मिळेल. आपण तो उपकर उपकरच ठेवला असता, त्याला धूर कमी करण्याच्या कामाला बांधून ठेवलं असतं, तर आज ब्रुसेल्समध्ये, युरोपीय संघाच्या दारात, वजावट मागायला तुमच्या हातात पंधरा वर्षांची पावती असती. जीएसटीची पावती तिथं चालत नाही.

तुम्ही म्हणाल, देशाचा कर्ब-बाजार, म्हणजे धूर कमी केल्याच्या दाखल्यांची खरेदी-विक्री, येतो आहे. माहीत आहे. 2023 ला योजना अधिसूचित झाली, 2025 ला सिमेंट, अॅल्युमिनियम, कागद अशा क्षेत्रांना लक्ष्यं ठरवून दिली. चांगली सुरुवात आहे. चंद्रपूरकडच्या कोरपना-गडचांदूरच्या सिमेंट पट्ट्यात तिचा परिणाम दिसायला हवा. पण त्यात भाव किती निघणार, युरोप तो भाव किंमत भरल्याचा पुरावा म्हणून मानणार का आणि लहान कारखान्याची मोजणी कोण करून देणार, हे आत्ताच लिहून घ्यायचं असतं. करारावर सह्या होण्याच्या वेळी जे मागता येतं ते नंतर मागता येत नाही, हे आम्हाला जमीन संपादनानं शिकवलंय.

आणि पैसा कुठं जावा? सीबॅमचा पैसा युरोपच्या तिजोरीत जाणार. तोच इथं वसूल झाला तर निदान भांडायला तरी आपलंच दार असेल. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, खाणीच्या रॉयल्टीचा वाटा खाणीच्या जिल्ह्यातच खर्च व्हावा म्हणून. त्यातून काय काय बांधलं गेलं हा वेगळ्या पत्राचा विषय आहे, आणि ते पत्र याहून लांब होईल. तरी वाट तयार आहे. चंद्रपूरचं वीज केंद्र 2920 मेगावॅटचं, त्याच्या राखेतली आणि उन्हाळ्यातली माणसं कोण आहेत ते शोधायला समिती लागणार नाही. भट्टी बदलायची वेळ येईल तेव्हा तिथं पाळीला जाणाऱ्या पोराला दुसरं काम शिकायला पैसा लागेल. तो कोळशाच्या धुरावरच्या पैशातून आला तर कुणाची हरकत असायचं कारण नाही.

आता सोयाबीन. युरोपनं 2023 ला जंगलतोडीविरुद्ध कायदा केला. गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन, लाकूड या सात गोष्टी 31 डिसेंबर 2020 नंतर तोडलेल्या जंगलाच्या जागेवरच्या नसाव्यात, आणि कोणत्या वावरातल्या आहेत ते नकाशावर दाखवावं. अंमलबजावणी दोनदा पुढं ढकलली गेली, आता 2026 च्या डिसेंबरची तारीख आहे. भारताला त्यांनी कमी जोखमीच्या देशांत टाकलं आहे. 4 हेक्टरपर्यंतच्या वावराला एक बिंदू दिला तरी चालतो, पूर्ण हद्द आखावी लागत नाही. कागदावर सोपं आहे, आणि आपली बिनजीएम, म्हणजे जनुकं न बदललेल्या, सोयाबीनची पेंड तिकडं खपते म्हणून ते जमवून घेणं फायद्याचंही आहे.

अडचण बिंदूची नाहीच. अडचण आहे त्या बिंदूखाली नाव कुणाचं लिहायचं. सातबारा आजोबाच्या नावावर, आजोबा वारून जमाना झाला. तीन भावांची वाटणी तोंडी, धुरा म्हणजे बांध टाकून झालेली. त्यातल्या एकाचा हिस्सा मक्त्यानं, म्हणजे ठरल्या रकमेवर कसायला, दुसऱ्याला दिलेला, आणि मक्तेदाराच्या वावरात प्रत्यक्ष राबते त्याची बायको, जिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. मोंढ्यात हे सगळं सोयाबीन एकाच ढिगात पडतं. व्यापाऱ्याकडं दहा गावांचा ढीग, प्लांटमध्ये चार जिल्ह्यांचा. त्या पेंडीच्या पोत्यावर कुठल्या वावराचा बिंदू टाकणार? ज्याला टाकता येईल तो मोठा व्यापारी, स्वतःची खरेदी केंद्रं उभी करून. मग जो कागद देऊ शकतो त्याचाच माल जाईल आणि उरलेल्यांना सांगितलं जाईल, तुमचा माल साधा. जंगल वाचवायच्या कायद्यानं आमच्याकडं एक झाडही वाचणार नाही, कारण आमचं सोयाबीन जंगल तोडून आलेलं नाही, ते कापूस-ज्वारीच्या जागी आलंय. बाजारात दोन जाती तेवढ्या तयार होतील.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या राज्यात निम्मा तयार आहे. 2021 पासून ई-पीक पाहणी चालते. वावरात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, जागेची नोंद आपोआप होते. ॲप अडकतं, तलाठी वैतागतो, रेंजसाठी धुऱ्यावरच्या बाभळीखाली जावं लागतं, सगळं खरं. पण ही नोंद सरकारी आहे, फुकट आहे आणि दर हंगामाला होते. हीच नोंद जंगलतोडीच्या कायद्यासाठी पुरेशी धरा, एवढं ब्रुसेल्सकडून तुम्ही मान्य करून घेतलं तर खाजगी सर्वेवाल्यांच्या टोळ्या आमच्या गावात येणार नाहीत. आज कापूस त्या यादीत नाही, पण तयार कपड्यांच्या डिजिटल पासपोर्टची, म्हणजे माल कुठून कसा आला याच्या नोंदीची, तयारी युरोपनं 2024 च्या कायद्यानं सुरू केली आहे. त्या पासपोर्टचा पहिला शिक्का वेचणीच्या ओट्यातच, कमरेच्या झोळीतच, बसणार.

जाता जाता एक विसंगती. युरोप विचारतो, सोयाबीन जंगल तोडून पिकवलं का? पोलादाबद्दल विचारतो, धूर किती झाला? गडचिरोलीत एटापल्लीच्या डोंगरावरून निघणाऱ्या लोहखनिजाखाली जंगल होतं का, हे मात्र दोन्ही कायद्यांत कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नये अशी व्यवस्था दोन्ही बाजूंना सोयीची दिसते.

काहीजण म्हणतील, भांडायचं तर जागतिक व्यापार संघटनेत भांडा. आपण भांडलोही होतो. अमेरिकेनं कासवं वाचवायच्या नावाखाली कोळंबीची आयात अडवली तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान, थायलंड मिळून गेले आणि 1998 ला जिंकले. पण का जिंकलो हे वाचण्यासारखं आहे. कासवं वाचवू नका असं त्या संघटनेच्या अपील पीठानं अमेरिकेला सांगितलं नाही. तुम्ही काही देशांशी गंभीरपणे बोलणी केलीत आणि यांच्याशी केली नाहीत, हा भेदभाव आहे, असं सांगितलं. अमेरिकेनं पद्धत सुधारली, बोलणी सुरू केली, आणि 2001 ला मलेशियानं पुन्हा आव्हान दिलं तेव्हा तोच उपाय टिकला. ते अपील पीठही 2019 च्या डिसेंबरपासून बंद आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. तेव्हा कज्जा जिंकायची आशा किती धरायची ते तुम्हीच ठरवा. त्या निकालातून घेण्यासारखं आहे ते हे, की जो बोलणीला बसतो आणि लेखी मागतो त्याची बाजू उभी राहते.

हवामानाचा उपायच नको असं आमच्यातला कुणी म्हणत असेल तर त्याचं तुम्ही ऐकू नका. 2022 च्या जुलैत वर्धा नदी वावरांत शिरली तेव्हा दुबार पेरणीही वाहून गेली. मे महिन्यात 45 अंशांच्या वर दुपार निघते, मजूर पहाटे पाचला वावरात आणि दहाला घरी. पाऊस एकदम येतो आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. आम्हाला धूर कमी झालेला हवाच आहे. त्याचा खर्च सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन थांबू नये, एवढीच आमची हरकत आहे. तशी सवय झालेली आहे खरी. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क एका अधिसूचनेनं उठलं आणि ती माफी नंतर वर्षअखेरपर्यंत वाढवली गेली, सूतगिरण्यांची अडचण होती म्हणून. तेव्हा आमच्या बोंडांत कापूस फुटायचा होता.

ब्राझीलमधल्या बेलेमच्या हवामान परिषदेत 2025 ला ठरलं की 2026, 2027 आणि 2028 च्या जूनमधल्या बैठकांत हवामान आणि व्यापार यावर संवाद होईल, जागतिक व्यापार संघटनाही त्यात असेल. म्हणजे प्रथमच दोन्ही फायली एका टेबलावर येतात. तिथं नुसतं भाषण वाचून येऊ नका. मोजणीची एकच पद्धत सगळ्या देशांनी मान्य करावी आणि ती लिहिताना आपले लोक बसलेले असावेत, हे मागा. आपल्याकडच्या तपासनिसाचा दाखला तिकडं चालावा. लहान भट्टीला आणि लहान वावराला मोजणीचा खर्च आकार लावणाऱ्यानं द्यावा. इथं भरलेली धुराची किंमत वजा व्हावी, आणि त्यासाठी आधी इथं ती किंमत तिच्या नावानं वसूल करायचं धैर्य दाखवा. हे शेवटचं ब्रुसेल्सकडं नाही, तुमच्याच अर्थ मंत्रालयाकडं मागायचं आहे, आणि तेच जास्त अवघड जाणार हे आम्हाला कळतं.

माहिती लागली तर आमच्याकडं आहे: फेरफारात अडकलेले सातबारे, ई-पीक पाहणीच्या नोंदी, जिनिंगच्या पावत्या, खरेदीदारांचे अर्ज. कंपनीच्या ठरावानं ती द्यायला आम्ही तयार आहोत. यायचं असेल तर दिवाळीनंतर वेचणी जोरात असते तेव्हा या. दोन्ही मंत्रालयांतला एकेक माणूस, एकाच गाडीतून.

आपला,
एक कास्तकार
तालुका वणी, जिल्हा यवतमाळ